चौकडीच्या चार खुर्च्या

बसायलाही शिकावं लागतं, हे मी महिनाभर घसा फोडून सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी. तीन मोठी माणसं, तिघांच्याही मिशा पिकायला लागलेल्या, आणि त्यांना अठरा वर्षांच्या पोरीनं खुर्चीवर बसायला शिकवावं? हसले नुसते. आज माझे गुडघे गेले, खुर्चीशिवाय मला जेवताही येत नाही, आणि तरी खुर्ची ओढताना फरशीवर तिचे पाय करकरले की मला त्या हसण्याचा राग येतो. माणसं गेली, राग राहिला. लिहून टाकलं की जाईल असं सून म्हणते. बघू.

आमचं घर तुमसरात, राइस मिलच्या मागच्या वस्तीत. सकाळी मिलचा भोंगा आणि दिवसभर उकडलेल्या धानाचा वास, एवढ्यात माझं सगळं लहानपण गेलं. तो वास कपड्यांना, उशीला, माझ्या वेणीलासुद्धा असे. बाबा मिलमध्ये बॉयलरवर होता. आग सांभाळायची, धान उकडायचं, वाफ सोडायची. लग्नसराई आली की तोच बाबा लाल कोट घालून बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. सोमवारी मिल बंद. भोंगा नाही, धूर नाही. त्या दिवशी बाबा अंगणात गोणपाट पसरून सॅक्सोफोन पुरता उघडायचा, चाव्यांखालच्या चामड्याच्या टिकल्या बदलायचा, स्प्रिंगा तेलानं पुसायचा. पत्ती, म्हणजे तोंडाशी लावायची ती वेताची पातळ पट्टी, ओली राहावी म्हणून सकाळभर जिभेवर धरून बसायचा. मग बोलणार कसा? माय विचारायची, भाजी अंबाडीची करू का कोचईची, तर हा मान हलवायचा. कशाला हलवली ते कळायचं नाही. माय चिडून लाखोळीच्या डाळीचं वरण आणि झिंग्यांची चटणी करून मोकळी व्हायची. "याच्या तोंडात पत्ती अन् माह्या नशिबात मुक्याचा संसार," असं ती शेजारणीला सांगायची, पण त्या पत्त्या कोणी हलवल्या तर तिच्याइतकं वाईट कोणी नव्हतं.

आबाजी, म्हणजे बाबाचे वडील, आमच्यातच राहायचे. सोमवारी बाबानं सॅक्सोफोनला हात लावला की ते दोर वळायचं सामान काखेत मारून बोडीवर निघून जायचे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, वस्तीतला आवाज पोचणार नाही इतकं लांब. तिथे पारीवर, म्हणजे बांधावर, बसून दिवसभर दोर वळायचे, आणि वळताना नाकातल्या नाकात एक संथ चाल गुणगुणायचे. आबाजी तरुणपणी सनई वाजवायचे. त्यांच्या बापानं डफडं वाजवलं, यांनी सनई. गावातल्या मोठ्यांच्या घरी लग्न असलं की दारात, मांडवाच्या बाहेर, अनवाणी उभं राहून वाजवायचं. पंगत उठली की उरलंसुरलं बाहेर आणून द्यायचे. नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले आणि आबाजींनी सनई वैनगंगेत सोडली. घरात शपथ घातली, यापुढे आपल्या घरातलं कोणी कोणाच्या दारात वाजवणार नाही. आणि त्यांच्याच पोरानं, पुढे दहा-बारा वर्षांनी, सॅक्सोफोन घरात आणला.

तेव्हाचं भांडण मी पाहिलं नाही, मी पाळण्यात होते. मायकडून ऐकलं. बाबा म्हणाला, बा, हे डफडं नोहे, सनई नोहे, आमी सुटाबुटात वाजवतो, पायात जोडा असते, भाव ठरवून जातो. आबाजी म्हणाले, "मी उभ्यानं वाजवलं, उभ्यानंच खाल्लं. तूबी उभाच आहेस. ज्या दिवशी तू बसून वाजवशीन अन् समोरचे लोकंबी बसून आयकतीन, त्या दिवशी मी येईन आयकाले." झालं. त्यानंतर त्या विषयावर दोघं एक शब्द बोलले नाहीत. एका ताटलीतली चटणी दोघं बोटानं घ्यायचे, धानाचं बोलायचे, माझ्या शाळेचं बोलायचे, पण बाबानं आपल्या बापाला आयुष्यात एक सूर ऐकवला नव्हता. बाबा हे कोणाजवळ बोलायचा नाही. पण वरातीतून परत आला की मायला हमखास विचारायचा, बा झोपले का. ऐकू गेलं का, असं विचारायचं असायचं त्याला. मला हे फार उशिरा कळलं.

आता चौकडीचं सांगते. आमच्याकडे रीत अशी, की वरात एखाद्या सुतकाच्या घरावरून निघाली तर ढोल-ताशे बंद करायचे. पुढे गल्ली संपेपर्यंत सगळे मुकाट चालायचे. एकदा अशा गल्लीत ढोल थांबले, पण बाबाला सूर तोडवेना. त्यानं अगदी हळू वाजवणं चालूच ठेवलं. शेजारचे दोघे-तिघे सॅक्सोफोनवाले त्याच्या सुरात शिरले. ताल नाही, ठेका नाही, फक्त चालणाऱ्यांच्या चपलांचा आवाज. त्या सुतकाच्या घरातली म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि वरात पुढे गेली तरी उभीच होती, असं बाबा सांगायचा. तेव्हापासून प्रत्येक वरातीत एका ठिकाणी ढोल थांबायचे आणि चार सॅक्सोफोन एकटे वाजायचे. लोक त्याला चौकडी म्हणायला लागले. आसपासच्या गावांतून बँड ठरवायला आलेली माणसं विचारायची, चौकडी येते का.

चौघांतला पहिला बाबा. दुसरे मारोतकाका, कोष्टी, आंधळगावचे. बाप-आजा कोशाची पातळं विणणारे. मागावर पोट भरेना म्हणून बँडमध्ये आले, पण बोटं विणकराचीच राहिली, चाव्यांवर अशी फिरायची की सूत तुटू नये. तिसरे बपेऱ्याचे हवालदारकाका. हे घरचे शेतकरी, पलटणीच्या बँडमधून पेन्शन घेऊन आलेले. ते सगळ्यांत मोठा, पोटापर्यंत लोंबणारा सॅक्सोफोन वाजवायचे आणि अर्धं हिंदीत बोलायचे. कागदावर लिहिलेलं संगीत वाचता येणारा एवढा एकच माणूस, आणि त्याचा तोरा तरी किती! चौथा माझा मामा. त्याच्याकडचा सॅक्सोफोन सगळ्यांत लहान, वाकडा नाही, सनईसारखा सरळ. आबाजींना तो डोळ्यांसमोर नको असायचा. मामा दुपारी आमच्याकडे झोपायचा आणि मी चुलीमागे पिढ्यावर, म्हणजे बुटक्या पाटावर, बसून त्याचा तो सरळ सॅक्सोफोन फुंकायचे. आधी नुसती हवा जायची. मग म्हशीसारखा आवाज यायचा. मग एक दिवस सूर लागला, आणि मायच्या हातातली पळी वरणात पडली.

मला वाटलं, आता मला वरातीत नेतील. कसलं काय! बाबानं शिकवलं सगळं, कौतुकानं शिकवलं, पण वरातीचं नाव काढलं की त्याचं एकच. दारू पिऊन नाचतात लोक, पोरीच्या जातीला तिथे काय काम. मी रडले, दोन दिवस जेवले नाही, आबाजींच्या मागे लागले. ते म्हणाले, त्या बाबतीत तुझा बाप बरोबर आहे. दोघांचं आयुष्यात एकमत झालं ते माझ्या विरुद्ध. मग मी पाच वर्षं त्या पिढ्यावर बसून वाजवलं. चुलीकडे तोंड, भिंतीकडे पाठ. पुढे मामाला रेल्वेत नोकरी लागली आणि सॅक्सोफोन माझ्याकडे ठेवून तो गेला. चौकडीची तिकडी झाली. वरातीत कसंबसं भागवायचे, पण बाबाचा जीव त्यात नव्हता.

आणि त्याच हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, वाचनालयाचे चिटणीस आमच्या दारात आले. सायकल भिंतीला लावली, बाबाला अहो-जाहो केलं. त्यांनी कुठल्याशा वरातीत चौकडी ऐकली होती. वार्षिक संमेलनात, रविवारी दुपारी चार वाजता, शाळेच्या सभागृहात चौकडीचा अर्धा तास ठेवायचा होता. ढोल नको, कोट नको, फक्त चौघं. मंचावर चार खुर्च्या मांडू, म्हणाले. समोर लोक बसलेले असतील. बाबानं "बसून?" असं दोनदा विचारलं. चिटणीसांना वाटलं याला काही अडचण आहे. म्हणाले, उभं राहायचं तर तसं करा. बाबा एवढ्या जोरात "नाही नाही" म्हणाला की माय बाहेर आली.

चौथा कोण, हा प्रश्नच नव्हता. सभागृहात दारुडे नाचत नसतात. त्या संध्याकाळी बाबा आबाजींसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, बा, रविवारी बसून वाजवाचं आहे. लोकंबी बसून आयकतीन. आबाजींनी हातातला दोर खाली ठेवला.  मग म्हणाले, धोतर धुवाले टाकजो. बस, एवढंच. पण मायनं मला चुलीजवळ गच्च धरलं आणि ती रडायला लागली.

वाजवायचं काय, तर बाबानं आबाजींची ती नाकातली चाल घेतली होती. दोर वळतानाची. कित्येक वर्षं चोरून ऐकून ती त्यानं चौघांत वाटली होती. सूर माझ्याकडे, बाबा आणि मारोतकाका मधले, हवालदारकाका खालून भरणारे. आबाजींना हे माहीत नव्हतं. आणि तालीम कुठे? अंगणात चौघं मावायचे नाहीत, म्हणून बोडीच्या पारीवर, तेही संध्याकाळी, आबाजी घरी असताना. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत जायचं, वळायचं, परत यायचं. अशीच त्यांची सवय. पावलावर ठेका, पावलावर श्वास. डावा पाय पडला की श्वास घ्यायचा, चार पावलांत सोडायचा. मी मागे मागे धडपडत चालायचे, मला ते चालणं जमायचं नाही, सूर हिंदकळायचा. तिघं मलाच हसायचे. मी म्हटलं, बाबा, तिथे चालायचं नाही आहे, एकदा तरी बसून वाजवून पाहा. शेजारच्यांच्या खुर्च्या आणते मी. हवालदारकाका म्हणाले, "अरी बेटी, बैठने की क्या प्रॅक्टिस?" बाबा म्हणाला, "माणूस जल्मल्यापासून बसते. त्यात शिकाचं काय आहे?" मी रोज सांगितलं. एकदा रागानं माझा सॅक्सोफोन गवतात ठेवून घरी निघून आले. मारोतकाका तेवढे विचारात पडल्यासारखे दिसले, पण ते दोघांपुढे कधी बोलत नसत. आज वाटतं, मी ओरडायला हवं होतं. खुर्च्या आणून त्या पारीवर आपटायला हव्या होत्या.

रविवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत गावातली प्रतिष्ठित माणसं, धान्याचे व्यापारी, मास्तर. चिटणीसांनी आबाजींना स्वतः हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. परीटघडीचं धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. खुर्चीच्या पुढच्या काठावर बसले होते, पाठ न टेकता. मंचावर चार खुर्च्या. आम्ही बसलो. बाबानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरलेले पाहून मीच घाबरले.

सुरुवात माझी होती. मी डोळे मिटले, चुलीमागचा पिढा आठवला आणि चाल धरली. दोन ओळी झाल्यावर डोळे उघडले, तर समोर आबाजी दिसले. त्यांनी मान वर केली. ओळखलं त्यांनी. मग तिघं आत आले, आणि तिथेच माशी शिंकली. पावलंच नाहीत तर श्वास कुठे घ्यायचा? बाबा मध्येच सुटला. हवालदारकाका एक मात्रा पुढे, मग दोन. पोटापाशी ते जडच्या जड वाद्य मांडीवर अडकलेलं, त्यांना दमच पुरेना. मारोतकाकांचे पाय मात्र खाली हलत होते, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे, म्हणून ते तेवढे टिकले. बाबाची मान फुगली, चेहरा लाल. मागच्या रांगेतून पोरं खिदळली. मी एकटी सूर धरून होते. म्हटलं मी धरते, तुम्ही सावकाश या. धरलाही असता मी, शेवटपर्यंत.

पण बाबा उठला. वाजवता वाजवताच उठला, आणि दोन पावलं चालला. आणि काय सांगू, पहिल्या पावलाला सूर जागेवर आला! ते पाहून हवालदारकाका उठले, मारोतकाका उठले, तिघं मंचावर गोल चालायला लागले आणि चाल अशी भरली की सभागृह गप्प झालं. फक्त त्यांच्या चालण्याला वेग होता, वरातीचा. माझी बसलेली चाल मागे पडायला लागली. दोन ताल होऊ लागले. बाबानं फिरता फिरता मला डोळ्यांनी सांगितलं, ऊठ. मी आबाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. बाकी तिघांकडे नाही, माझ्याकडे. उठले तर बाबाची चाल वाचत होती, बसून राहिले तर आबाजींचा शब्द. एवढं सगळं तेव्हा मला समजलं होतं असं मी म्हणणार नाही. बापानं ऊठ म्हटलं आणि मी उठले.

टाळ्या पडल्या. शिट्ट्या आल्या. आणि पहिल्या रांगेतला एक व्यापारी, ज्याच्या घरच्या सगळ्या वराती बाबाच्याच बँडनं वाजवलेल्या, आनंदानं मंचावर चढला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही म्हणावं लागतं. त्यानं नोट काढली, बाबाच्या डोक्यावरून ओवाळली आणि समोर धरली, जशी वरातीत धरतात. बाबा वरच्या सुरावर होता. वरच्या सुरांना उजवा हात मोकळा असतो. बाबाच्या त्या हातानं दोन बोटांत नोट घेतली आणि खिशात घातली. सूर हलला नाही. बाबाला कळलंसुद्धा नाही, वीस वर्षांची सवय ती, हातच तो, त्याला काय डोळे असतात? मला दिसलं. आणि आबाजींना दिसलं. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि भिंतीच्या कडेकडेनं, कोणाला अडथळा होऊ नये असे वाकून, बाहेर गेले. चाल संपायला अजून बरीच बाकी होती.

घरी आलो. शर्ट काढताना बाबाच्या खिशातून ती नोट निघाली, तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला. ही इथे कुठून आली, असा चेहरा. मग त्याला कळलं. तो भिंतीला टेकून खाली बसला, आणि मायनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. मी मात्र सगळ्यांवर चिडले होते. बाबावर, त्या व्यापाऱ्यावर, हवालदारकाकांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. पाच वर्षं मला चुलीमागे बसवून ठेवलं, आणि बसायची वेळ आली तेव्हा उठवलं!

दुसऱ्या दिवशी बाबानं नेहमीप्रमाणे अंगणात गोणपाट पसरलं, पण सॅक्सोफोन उघडला नाही. नुसता पुढ्यात घेऊन बसला. आबाजी दोराचं सामान घेऊन निघाले. दारापर्यंत गेले, आणि परत फिरले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू काहून उठली?"

 बाबा ऐकत होता.

आबाजी आत गेले, चुलीमागचा पिढा स्वतः उचलून आणला, अंगणात मांडला. समोर आपली घोंगडी टाकून त्यावर बसले. म्हणाले, "बस. अन् वाजव."

मी बाबाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही, पत्तीशिवायही त्याचं हलवणं तसंच होतं. मी मामाचा तो सरळ सॅक्सोफोन घेतला आणि बसले. चाल सुरू केली. आबाजींनी डोळे मिटून ऐकली. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. "तेथं थांबाचं असते," म्हणाले. "बापानं तुले घाई शिकवली." आणि त्यांनी ती जागा नाकातल्या नाकात गाऊन दाखवली, अगदी हळू, एक श्वास जास्त थांबून. मी तशी वाजवली. ते म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा वाजवली.

बाबानं सॅक्सोफोन गोणपाटावर ठेवला, चपला घातल्या आणि मायला म्हणाला, मिलमध्ये जाऊन येतो. सोमवार होता, मिल बंद.  फाटक लागल्याचा आवाज मला आला. उठून त्याच्या मागे जावं असं वाटलं, पण समोर आबाजी बसून ऐकत होते, आणि मी वाजवत राहिले.